एका टमाटरची अट

अमेरिकेतल्या आमच्या डुलुथमध्ये हवामान सांगणारा माणूस रोज संध्याकाळी तापमान सांगून झालं की पुढे एक शेपूट जोडतो: तळ्याकाठी याहून गार. हे तळं म्हणजे लेक सुपिरियर. त्याचा पलीकडचा काठ दिसत नाही आणि वारं सुटलं की लाटा रस्त्यावर येऊन आपटतात, पण इथले लोक त्याला तळंच म्हणतात. आमचं घर त्या काठापासून चार गल्ल्या वर आहे. जूनमध्ये वीस मैल आतले लोक अर्ध्या चड्डीत हिंडत असतात तेव्हा आम्ही धुक्यात स्वेटर घालून गवत कापतो. मी मूळचा नागपूरचा. मे महिन्यात जिथे चप्पल डांबराला चिकटते ते गाव सोडून मी इथे का राहतो, हे गेल्या एकोणीस वर्षांत मला आईला पटवता आलेलं नाही.

वडील जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून आई नागपुरात एकटी राहते, तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. मागच्या वर्षी ती न्हाणीघरात पाय घसरून पडली. मला हे सतरा दिवसांनी कळलं, तेही खालच्या मजल्यावरच्या काकूंकडून. त्या सतरा दिवसांत ती माझ्याशी रोज व्हिडिओ कॉलवर बोलत होती आणि प्लास्टर घातलेला हात कॅमेऱ्याच्या बाहेर ठेवत होती. मी चिडलो, आणि चिडण्यापेक्षाही जास्त घाबरलो होतो. तेव्हापासून भारतातून अवेळी फोन आला की मी हातातलं सगळं टाकून तो उचलतो.

त्याच वर्षी मी इथला नागरिक झालो, म्हणजे आईसाठी ग्रीन कार्डचा अर्ज करता येणार होता. मी तो भरून ठेवला. फक्त तिची सही बाकी होती.

जानेवारीत फोनवर विषय काढला तर तिने विचारलं, "तिकडं टमाटर पिकते का?"

मी म्हटलं, "दुकानात वर्षभर मिळतात."

"दुकानात काहीही मिळते. मी अंगणातलं विचारून राहिली."

आई तीस वर्षं शाळेत गणित शिकवत होती. तिच्याशी बोलताना माणसाला आपण फळ्यापाशी उभे आहोत असं वाटतं. तिने तिथल्या तिथे अट मांडली. ती सहा महिन्यांसाठी येईल. तिच्या परतीच्या आत माझ्या अंगणात, उघड्यावर, झाडावरच एक टमाटर लाल झाला पाहिजे. काचेच्या घरात नाही, खिडकीत नाही, हिरवा तोडून पेपरात गुंडाळून पिकवलेला तर अजिबात नाही. तसा झाला, तर ती त्याच दिवशी सही करेल. "जिथं टमाटरला लाल होता येत नाही," ती म्हणाली, "तिथं मी या वयात काय करू?"

मी लगेच हो म्हटलं. अमेरिकेत माणसं चंद्रावर पाठवतात, एक टोमॅटो पिकवायला काय लागतं, असा माझा हिशेब होता.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर प्रोजेक्ट मॅनेज करतो, आणि त्याचा माझ्या स्वभावावर परिणाम झालेला आहे. फेब्रुवारीत बाहेर गुडघाभर बर्फ असताना मी भाजीच्या वाफ्याची एक्सेल शीट केली. वाफा चार फूट बाय आठ फूट. त्यात टोमॅटोच्या पाच जाती, भेंडी, कारली, दुधी, मेथी, वांगी आणि कोपऱ्यात कढीपत्ता. प्रत्येकाला वेगळा रंग. शीट फार देखणी झाली. माझी बायको पुण्याची आहे. तिने ती दोन मिनिटं पाहिली आणि विचारलं, "यात उभं कुठे राहायचं?"

बियाणं मी चित्रं बघून मागवलं होतं. त्यातला एक टोमॅटो नारळाएवढा दिसत होता. पाकिटावर लिहिलं होतं, पंच्याऐंशी दिवस. मी मार्चपासून पंच्याऐंशी दिवस मोजले, जूनमध्ये टोमॅटो तयार, आई जुलैत सही करते, असं शीटमध्ये भरून मोकळा झालो. बायकोने पाकीट उलटं करून मागचा बारीक मजकूर वाचला. ते दिवस रोप बाहेर लावल्यानंतरचे होते, आणि आमच्याकडे रोप जूनच्या आधी बाहेर लावत नाहीत. शिवाय दिवस म्हणजे उन्हाचे, उबदार दिवस. तसे आमच्याकडे वर्षाला पंच्याऐंशी असतात की नाही याबद्दल दुमत आहे. तिच्या सांगण्यावरून मी पंचावन्न दिवसांत तयार होणाऱ्या एका बारक्या जातीचं पाकीट मागवलं, पण जरा नाखुशीनेच.

एप्रिलच्या मध्यावर आई आली. एका बॅगेत तिचे कपडे होते आणि दुसरीत आमच्यासाठी आणलेल्या चार सोलापुरी चादरी. तोपर्यंत तळघरात दिव्याखाली माझी बारा रोपं वीतभर वाढली होती. आईने ती पाहिली, पानं चुरून वास घेतला. मला बरं वाटलं. ती रमते आहे, असं मी बायकोला सांगितलं. त्या दिवसांत आई काहीही करो, मी बायकोला हेच सांगत होतो.

मग अक्षय तृतीया आली. आईच्या माहेरी त्या दिवशी परसात वेलांची आळी करतात, भाजी लावतात. आई सकाळी अंघोळ करून, हळदकुंकू घेऊन तयार होती. बाहेर लख्ख ऊन होतं. हे ऊन फसवं असतं हे मला माहीत होतं. जूनच्या आधी लावायचं नाही हेही आता माहीत होतं. पण आई आपण होऊन माझ्या अंगणात खुरपं मागते आहे, इथल्या मातीत हात घालते आहे, आणि तिला मी फ्रॉस्टच्या, म्हणजे दंव गोठून रोपं मरतात त्या रात्रींच्या तारखा सांगू, हे माझ्याच्याने होईना. मी खुरपं दिलं. तिने सहा रोपं लावली, प्रत्येकाला बोटभर पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं. मी फोटो काढले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती खिडकीपाशी उभी होती. "अरे, हे काय पडून राहिलं?" तिने विचारलं.

बर्फ पडून राहिलं होतं. चार इंच पडलं. दुपारी उकरून पाहिलं तर रोपं उकडलेल्या पालकासारखी झाली होती. मी कपाळाला हात लावून बसलो. तेव्हा बायको म्हणाली, की उरलेली सहा रोपं, बारक्या जातीची, तळघरात सुखरूप आहेत. पूजेच्या गडबडीत तिने तो ट्रे वॉशिंग मशीनच्या मागे सरकवून ठेवला होता. "सगळी कोणी एकदम लावतं का?" ती म्हणाली. पुण्याच्या लोकांना हा सावधपणा उपजत असतो आणि त्याबद्दल त्यांचे आभार मानणं फार जड जातं. मी मानले.

जून उजाडल्यावर खरा वाफा करायची वेळ आली. जागा कुठली, यावर आईचं आणि माझं कधी नव्हे ते एका क्षणात एकमत झालं. गॅरेजच्या पूर्वेला. म्हणजे सकाळचं कोवळं ऊन मिळेल आणि दुपारचं लागणार नाही. नागपूरच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. आमच्या लहानपणी दुपारचं ऊन हा घरावर येणारा दरोडा होता. पश्चिमेच्या खिडक्या बंद, त्यावर वाळ्याचे पडदे, खिशात कांदा, आणि झाडांना गोणपाटाची सावली. डुलुथमध्ये जूनची दुपार स्वेटरवर काढून एकोणीस वर्षं झाली, तरी ऊन म्हटलं की माझा हात सावली शोधतो. आई तर माझ्याही पुढे गेली. वाफ्यावर तिने आपली एक जुनी सुती साडी चार काठ्यांना बांधून टाकली. "झाडाला ऊन लागते," ती म्हणाली, आणि मी मान डोलावली.

आम्ही रोज दोन वेळा पाणीही घालत होतो. दोन आठवड्यांत रोपं एक इंचभरही वाढली नाहीत. त्यांचा रंग जांभळट झाला.

शेजारी एक आजी राहतात. पंचवीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या, कमी बोलणाऱ्या. एक दिवस कॉफीचा मग घेऊन त्या कुंपणापाशी आल्या. साडीचं छत पाहिलं, खालचा चिखल पाहिला, गॅरेजची गार सावली पाहिली आणि मला विचारलं, "मशरूम लावलेत का?"

टोमॅटो, असं मी म्हटल्यावर त्यांनी कॉफी कुंपणाच्या खांबावर ठेवली. मग त्यांनी सांगितलं, की आमच्या गावात ऊन मिळेल तिथे आणि मिळेल तेवढं घ्यायचं असतं. गार जमिनीत टोमॅटोची मुळं काम करत नाहीत. काळ्या बादल्या आणा, तळाला भोकं पाडा, गॅरेजच्या दक्षिणेच्या भिंतीला लावून ठेवा. भिंत तापते, गॅरेजपुढच्या ड्राइव्हवेचं डांबर तापतं, बादली तापते. पाणी बोट मातीत घालून कोरडं लागलं तरच. हे सगळं त्या इतक्या सहज सांगत होत्या, की फेब्रुवारीपासूनची माझी रंगीत शीट मला आठवली आणि लाज वाटली.

सहा काळ्या बादल्या आल्या. रोपं त्यात गेली. साडी धुऊन परत कपाटात गेली. मी प्रत्येक बादलीखाली चाकांची फळी बसवली, कारण दक्षिणेच्या भिंतीवरही सकाळी मेपलच्या झाडाची सावली येते. सकाळी साडेआठला बादल्या ड्राइव्हवेच्या टोकाला, अकराला मधोमध, दोन वाजता भिंतीपाशी. मी घरून काम करतो. मीटिंगमध्ये कानाला हेडसेट लावून बादल्या ढकलायचो. पोस्टमन मला बघून हसायचा. थंडी असेल तेव्हा रात्रीपुरत्या बादल्या गॅरेजमध्ये घेऊ का, असं आईला विचारलं तर तिने विचार करून निकाल दिला: गॅरेज म्हणजे छप्पर, छप्पर म्हणजे उघड्यावर नाही, सबब बाद. पांघरूण चालेल. मग सोलापुरी चादरी झाडांच्या अंगावर गेल्या. "तुमच्यासाठी आणल्या होत्या," आई म्हणाली, पण निकाल तिचाच होता.

जुलैत फुलं आली आणि धरेनात. गारव्यात पराग हलत नाहीत, फुलं हलवून द्या, विजेचा टूथब्रश देठाला लावा, असं एका व्हिडिओत होतं. मी बायकोचा घेतला. तिला कळल्यावर घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. पण फुलं धरली. जुलैच्या अखेरीला हरभऱ्याएवढे टोमॅटो दिसले, ऑगस्टमध्ये ते लिंबाएवढे झाले. मी रोज सकाळी ते मोजायचो. आई पण येऊन बघायची. "धरले वाटते बाप्पा," ती एकदा म्हणाली. तिच्या आवाजात काळजी होती, ती मला तेव्हा ऐकू आली नाही. मला वाटलं, कौतुक आहे.

ऑगस्ट संपता संपता एका टोमॅटोच्या बुडाला पिवळसर झाक आली. मी बायकोला ओढत बाहेर आणलं. संध्याकाळी आईला दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नव्हता. देठ जागेवर, टोमॅटो गायब. दोन दिवसांनी दुसऱ्यावर झाक आली, तोही गेला. मग तिसरा.

"खारी," आई म्हणाली.

आमच्याकडच्या खारी मांजराएवढ्या असतात आणि त्यांना माणसाची भीती नसते. मी त्यांच्याविरुद्ध युद्ध पुकारलं. आधी जाळी लावली. मग प्लॅस्टिकचं घुबड आणलं. मग आईच्या डब्यातलं लाल तिखट बादल्यांभोवती पसरलं, ते वाऱ्याने माझ्याच डोळ्यांत गेलं. आईने माझ्या डोळ्यांत गार पाणी मारलं आणि म्हणाली, "जाऊ दे नं रे, नसते काही गोष्टी नशिबात." मी ऐकायला तयार नव्हतो. परतीच्या तिकिटाला महिना उरला होता. खारींनी हिरव्या टोमॅटोला हात लावला नव्हता, फक्त रंग भरायला लागलेलेच नेमके जात होते, याचं मला आश्चर्य वाटायचं आणि त्या प्राण्यांच्या हुशारीचा राग यायचा.

त्या सगळ्या दिवसांत एक सुख होतं. आई हिरव्या टमाटरची चटणी करायची. फल्लीदाणे म्हणजे शेंगदाणे, तीळ, लसूण, हिरव्या मिरच्या, लोखंडी तव्यावर परतून जाडसर वाटलेली. सोबत ज्वारीची भाकरी. टमाटर शेजारच्या आजींनी दिले, असं ती म्हणायची. मी चाटूनपुसून खायचो आणि खारींना शिव्या द्यायचो. "तुझ्या हाताला काय चव आहे," असं मी तिला म्हटलं, तर ती उठून पाणी आणायला गेली.

शेवटी मी कॅमेरा लावला. हलणारं काही दिसलं की फोनवर आणि लॅपटॉपवर सूचना येते, असा. खारीचं तोंड एकदा बघायचंच होतं.

आठवड्यातून तीन दिवस सकाळी साडेसहाला माझा पुण्याच्या टीमबरोबर कॉल असतो. तिकडे तेव्हा संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. त्या दिवशी मी स्क्रीन शेअर करून तिमाहीचा आराखडा समजावत होतो. मी एकटाच बोलत होतो. तेवढ्यात कोपऱ्यात सूचना आली. खार, असं मनात म्हणून मी ती घाईघाईने उघडली, आणि आराखड्याच्या जागी पूर्ण स्क्रीनभर आमचा ड्राइव्हवे आला.

ड्राइव्हवेवर आई होती. गाऊनवर स्वेटर, डोक्याला मफलर, लोकरीचे मोजे घालून त्यावर चप्पल. तिने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग माझ्या खोलीच्या खिडकीकडे. वाकून एकेका बादलीतली पानं बाजूला केली. चौथ्या बादलीत तिला हवा तो मिळाला. तो तिने बोटाने दाबून पाहिला, तोडला, स्वेटरच्या खिशात टाकला, आणि जाताना चादर नीट सारखी केली.

कॉलवर अकरा माणसं होती. मग एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, काकू आहेत वाटतं."

"हो," मी म्हटलं. "आपण पुढच्या स्लाइडकडे जाऊ."

पुढच्या स्लाइडवर मी काय बोललो ते मला आठवत नाही. कॉल संपवून स्वयंपाकघरात गेलो. आई फल्ली भाजत होती. ओट्यावर तो टोमॅटो होता, एका बाजूने पिवळा पडलेला.

मी विचारलं, "आजींनी दिला?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मास्तरीण होती, खोटं पकडलं गेलं की ताणायचं नसतं हे तिला माहीत होतं. तिने गॅस बंद केला.

"तुला इथे राहायचं नाहीये," मी म्हटलं.

"नाही," ती म्हणाली. "अजिबात नाही."

"मग जानेवारीतच सांगायचं."

"कसं सांगू? तू फोनवर किती घाबरलेला होता. मी पडली तर तुला वाटलं तूच पाडलं मला. तुला सरळ नाही म्हणायला मन होईना. मला वाटलं, त्या बर्फाच्या गावात काय टमाटर पिकते. अट घालू, दोघांचीही इभ्रत राहील. तर तू बादल्याच फिरवून राहिला." ती खुर्चीवर बसली. "सकाळ-दुपार तुला त्या बादल्या ढकलताना बघायची नं, तर मला रडू यायचं. आणि टमाटर पिवळा दिसला की पहाटेच तोडून आणायची."

"मी तीन आठवडे खारींच्या मागे पळतोय, आई."

"मी थांबवलं होतं तुला," ती म्हणाली, आणि तिचंही खरं होतं.

मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. राग आला, आणि त्याच्या खाली दुखलं. माझ्याजवळ राहायचं टाळण्यासाठी माझी आई पहाटे चोरासारखी बाहेर पडते, या वाक्याचा दुसरा अर्थ मला लागत नव्हता. मी भाकरी न खाता उठलो. दोन दिवस आम्ही मीठ दे, पाणी दे, एवढंच बोललो. बायको मध्ये पडली नाही. ती फक्त म्हणाली, "तू तिला विचारलंस ती तिकडे काय करते?"

मी विचारलं नाही, पण ऐकलं. रोज संध्याकाळी आठला आई पाहुण्यांच्या खोलीत फोनवर असायची. नागपुरात तेव्हा सकाळ असते. ती इमारतीच्या सोसायटीची सचिव आहे, हे मला माहीत होतं, पण ते वडिलांच्या नंतर वेळ घालवायला घेतलेलं काम असं मी धरून चाललो होतो. त्या संध्याकाळी मी दाराबाहेर कपड्यांच्या घड्या करत उभा राहिलो. ती टाकी साफ करणाऱ्याला झापत होती. मग कोणाच्या तरी मुलीच्या दहावीच्या गणिताचं ठरवत होती: मी आली की रोज चार ते पाच, तोवर बीजगणित करून ठेव म्हणा. मग खालच्या काकूंशी हसत होती, मोठ्याने, खोकला येईपर्यंत. पाच महिन्यांत माझ्या घरात ती तशी हसली नव्हती. इथे ती माझ्या मीटिंग संपायची वाट बघत बसायची, आणि मी तिला रमली आहे म्हणत होतो.

जेवताना मी तिला एवढंच म्हटलं, की न्हाणीघरात धरायला दांडा बसवायचा, आणि पडलीस तर त्याच दिवशी कळवायचं. तिने दोन्ही कबूल केलं. पण सहीचं तिनेही काढलं नाही आणि मीही. मला सही हवी होती. हसणं ऐकल्यावरही हवी होती.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फ्रॉस्टचा इशारा आला, आणि या वेळी तळ्याकाठीसुद्धा. संध्याकाळी मी चादरी पांघरायला गेलो तेव्हा सहाव्या बादलीत, भिंतीकडच्या बाजूला, पानांच्या आड एक टोमॅटो दिसला. तो आईच्याही नजरेतून सुटला होता. नारिंगीच्या पुढे गेला होता. लाल व्हायला एक दिवस, फार तर एक दिवस. मी त्याच्यावर चादर दुहेरी केली आणि घरात कोणाला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशीचा कॉल मी कॅन्सल केला. उजाडताना बाहेर गेलो तर गवत पांढरं झालं होतं आणि आई माझ्या आधी येऊन सहाव्या बादलीपाशी उभी होती. मफलर, मोजे, चप्पल. चादर तिने बाजूला केली होती. टोमॅटो झाडावरच होता. लाल झाला होता.

"काहून उठला इतक्या लवकर?" ती म्हणाली.

"तोडला नाहीस?"

"नाही." तिने हात स्वेटरच्या खिशांत घातलेले होते. "उघड्यावर आहे, झाडावर आहे, लाल आहे. उत्तर बरोबर आलं की मी कधी गुण कापले नाही कोणाचे. जा, कागद आण."

तिचं नाक थंडीने लाल झालं होतं आणि ती माझ्याकडे न बघता त्या टोमॅटोकडे बघत होती. ती खरंच सही करणार होती. मला फक्त आत जाऊन टेबलाच्या खणातून अर्ज आणायचा होता.

मी वाकलो. टोमॅटो हातात घेऊन वळवून पाहिला. सगळीकडून लाल होता.

"हा कच्चा आहे," मी म्हटलं.

"डोळे तपास. लालभडक आहे."

"देठापाशी हिरवा आहे अजून."

"कुठं हिरवा? दाखव."

मी तो तोडला आणि तिच्या हातात ठेवला. तिने तो उलटसुलट करून हिरवा भाग शोधला. मग माझ्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली. मी पुन्हा सांगितलं, "कच्चा आहे, आई. चटणीत टाक."

तो स्वेटरच्या खिशात टाकून ती म्हणाली, "याची चटणी गोड होईल रे."

मी म्हटलं, होऊ दे.